हरवलेली एक पौंडाची नोट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तो विषय ठरवूनच. 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' यावर मी बोलावं, असा आग्रह होता. मी म्हटलं, अरे, आपल्या सगळ्यांची मुलं घरी या विषयावर आपल्याला रोज फुकट व्याख्यान देतात, त्यात माझी भर कशाला? त्यापेक्षा मला एका कादंबरीबद्दल बोलू द्या. 'कुठली?' 'इंग्लंडमधल्या एका खेड्यात झालेल्या खुनाची.' पलीकडे जरा शांतता पसरली. मग उत्तर आलं, 'चालेल, पण वीस मिनिटांत खुनी सापडला पाहिजे. नंतर जेवण आहे.'

खुनी कोण हे मी सांगणार नाही. ज्यांना पुस्तक वाचायचं असेल त्यांची मजा मला घालवायची नाही. पण त्या पुस्तकात खुनाशिवाय आणखी एक छोटी गोष्ट हरवते, एक पौंडाची नोट. तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. आणि त्या नोटेचा आपल्या वर्गाशी संबंध आहे.

पुस्तक आहे अगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ॲट द व्हिकरेज'. १९३० साली प्रसिद्ध झालेलं. व्हिकर म्हणजे गावच्या चर्चचा धर्मगुरू आणि व्हिकरेज म्हणजे त्याचं राहतं घर. आपल्यापैकी बहुतेकांची रहस्यकथांशी ओळख झाली ती शाळेच्या वाचनालयातल्या भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेमुळे. माझीही तीच. अगाथाबाई मला भेटल्या पुढे इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात, परीक्षेच्या आदल्या रात्री, म्हणजे जेव्हा भेटायला नको होत्या तेव्हा.

या प्रकारच्या कादंबऱ्यांना इंग्रजीत 'कोझी मिस्टरी' म्हणतात. कोझी म्हणजे उबदार, घरगुती. खून होतो, पण रक्ताचे सडे नसतात. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. शोध लावणारा माणूस पोलिसांतला नसतो, गावातलाच कुणीतरी असतो. या कादंबरीतलं गाव आहे सेंट मेरी मीड. ते कुठल्याही नकाशात सापडणार नाही, ते ख्रिस्तीबाईंनी रचलेलं आहे. चर्च, व्हिकरेज, एक मोठा वाडा, एक खानावळ, आणि दुपारच्या चहाला जमणाऱ्या चार वयस्कर बायका. आपल्याकडे पारावर जे काम चालतं ते तिथे चहाच्या टेबलावर चालतं.

गोष्ट सांगतो तो गावचा व्हिकर, लिओनार्ड क्लेमंट. सज्जन, जरा थकलेला, गालातल्या गालात हसणारा माणूस. त्याची बायको ग्रिसेल्डा त्याच्याहून खूप लहान आणि घरकामात अगदीच कच्ची. घरातली मोलकरीण मेरी जे शिजवते ते खाववत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीलाच जेवणाच्या टेबलावर या सज्जन धर्मगुरूच्या तोंडून निघून जातं, की कर्नल प्रोदेरोला जो कुणी मारील तो जगावर उपकारच करील. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी कर्नल प्रोदेरो त्याच्याच अभ्यासिकेत, त्याच्याच लिहायच्या टेबलाशी मेलेला सापडतो. डोक्यात गोळी.

हा कर्नल म्हणजे गावातला बडा माणूस. वाड्याचा मालक, चर्चच्या कारभारातला मानकरी आणि वर न्यायदंडाधिकारी. कुणालाच न आवडणारा. तो व्हिकरेजमध्ये आला होता हिशेब तपासायला. झालं असं होतं, की गावातल्या मिसेस प्राइस रिडली या बाईंनी चर्चच्या झोळीत एक पौंडाची नोट टाकली होती. नंतर जमा रक्कम वाचून दाखवली, तेव्हा त्यात पौंडाची नोट नव्हतीच. बाई भडकल्या आणि कर्नलने हिशेबाच्या वह्या मागितल्या.

म्हणजे खून होण्याच्या आधीच गावात संशय शिरलेला होता. आणि तो शिरला होता एका नोटेच्या वाटेने.

आता जरा माझ्या धंद्याचं बोलते, कारण या कादंबरीत एक घड्याळ आहे, आणि त्याच्यावर माझं फार प्रेम आहे. खून झाला तेव्हा टेबलावरचं घड्याळ कलंडून बंद पडलेलं सापडतं. काटे ६ वाजून २२ मिनिटांवर. शेजारी कर्नलने लिहिलेली अर्धवट चिठ्ठी, तिच्यावर वेळ ६ वाजून २० मिनिटं. पोलीस खूश! खुनाची वेळ लेखी मिळाली. पण व्हिकरेजमधल्या सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. ते घड्याळ मुद्दाम पाव तास पुढे ठेवलेलं असतं, व्हिकरसाहेबांना उशीर होऊ नये म्हणून. म्हणजे घड्याळात ६.२२ झाले तेव्हा खरे वाजले होते ६.०७. मग ६.२० ची चिठ्ठी लिहिली कुणी, कधी?

व्हिकर बिचारा हे पोलीस इन्स्पेक्टरला सांगायचा प्रयत्न करतो. पण इन्स्पेक्टर स्लॅक त्याला बोलूच देत नाही. स्लॅक या शब्दाचा अर्थ ढिला, आणि हा गडी नावाच्या अगदी उलट, सतत घाईत. मला सगळं कळलंय, मध्ये बोलू नका, असा त्याचा खाक्या. सगळ्यात मोलाची माहिती समोर उभी असते आणि ऐकून घ्यायला याला सवड नसते.

आमच्या कामात हे रोज घडतं. एखादी यंत्रणा बंद पडली की आम्ही लॉग उघडतो. लॉग म्हणजे संगणकाने स्वतःच लिहिलेली रोजनिशी, प्रत्येक ओळीवर वेळ टाकलेली. पण दोन सर्व्हरपैकी एकाचं घड्याळ काही सेकंद जरी पुढे असेल, तरी परिणाम आधी आणि कारण नंतर घडल्यासारखं दिसतं. नव्या पोरांना मी पहिल्यांदा हेच सांगते. नोंद खोटं बोलत नाही, पण ती कुठल्या घड्याळावरून केली हे विचारल्याशिवाय तिच्यावर कुणाला फाशी देऊ नका.

तर या गावात शोध लावते ती मिस मार्पल. अविवाहित, पांढऱ्या केसांची, बागकाम करणारी म्हातारी. हिची ही पहिली कादंबरी. ती त्याआधी १९२७ पासून लघुकथांत दिसू लागली होती. तिच्या जन्माची कथाही मजेची आहे. ख्रिस्तीच्या १९२६ च्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' या कादंबरीत कॅरोलाइन नावाची, घरबसल्या गावाची खबर ठेवणारी प्रौढ बहीण आहे. १९२८ साली त्या कादंबरीचं नाटक झालं, तेव्हा या कॅरोलाइनला काढून तिच्या जागी एक देखणी तरुणी घातली गेली. ख्रिस्तीबाईंना ते फार लागलं. अशा बाईला नाटकात जागा नाही ना, मग मी तिला नायिकाच करते, असंच जणू त्यांनी ठरवलं. पुढे मिस मार्पलच्या १२ कादंबऱ्या झाल्या.

पण या पहिल्या कादंबरीत मिस मार्पल काही देवमाणूस नाही, बरं का. ग्रिसेल्डाच्या मते ती गावातली सर्वांत खवचट म्हातारी आहे. तिचं घर व्हिकरेजला लागून. बागेत वाकून तण काढता काढता ती बोळातून कोण आलं, कोण गेलं, सगळं टिपत असते. पक्षी पाहायला म्हणून दुर्बीणही आहे. आणि मनुष्यस्वभावाबद्दल तिचं मत एकंदरीत वाईटच. तर मग मला अनेक वर्षं प्रश्न पडायचा, की ती आणि चहाच्या टेबलावरच्या बाकीच्या बायका यांच्यात फरक काय? सगळ्याच डोकावतात, सगळ्याच वाईट शंका घेतात.

फरक पुस्तकातच आहे, आणि तो मला कळायला चाळिशी उलटावी लागली. बाकीच्या बायकांना जे दिसतं, त्याचा अर्थ त्यांना त्याच क्षणी कळतो. तो अर्थ त्या संध्याकाळपर्यंत चार घरी पोचवतात. मिस मार्पल जे पाहते ते जपून ठेवते. अमकी बाई बोळातून गेली, तिच्या हातात त्या दिवशी पर्स नव्हती. एवढंच. ती नोंद वेगळी आणि तिचा अर्थ वेगळा. कर्नलच्या मरणाने ज्यांचं बरं होईल अशी सात माणसं तरी आपल्या डोळ्यांसमोर आहेत, असं ती शांतपणे सांगते. सात! आपल्यासारख्यांना एक नाव सुचलं की आपण थांबतो.

आणि या कादंबरीतली सगळ्यात हुशार खेळी तर वेगळीच आहे. म्हातारी बागेतून पाहत असते, हे खुन्याला ठाऊक असतं. तिने काय पाहावं याचा विचार करूनच त्याने सगळं मांडलेलं असतं. तिने पाहिलेलं अक्षर न् अक्षर खरं असतं, आणि त्यावरून काढलेला सरळ निष्कर्ष चूक. सत्य सांगणारा साक्षीदारच निरपराध माणसाला अडकवू शकतो, हे ज्या पानावर मला उमगलं तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण तो साक्षीदार मीच होते.

आपण नववीत होतो. सहलीचे पैसे जमा करायचं काम मॉनिटरकडे होतं, प्रत्येकी ६० रुपये. शेवटच्या दिवशी मोजले तर १८० रुपये कमी. तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. बाईंनी विचारलं, मधल्या सुट्टीत वर्गात कोण होतं? मी हात वर केला. मी म्हटलं, मी हिला रिकाम्या वर्गातून बाहेर येताना पाहिलं. तिचा हात खिशात होता.

यात एक शब्द खोटा नव्हता. ती वर्गातून आली होती, हात खिशात होता. मी 'तिने पैसे घेतले' असं म्हटलं नाही, आणि हा मुद्दा पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःच्या बचावासाठी वापरला. पण म्हणायची गरजच नव्हती. वर्गाने बाकीचं वाक्य पूर्ण केलं. पर्यवेक्षकांच्या खोलीत तिला विचारलं गेलं, वर्गात का गेली होतीस? ती गप्प राहिली. गप्प आहे म्हणजे झालंच. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. आम्ही तर पन्नास होतो.

काही सिद्ध झालं नाही. शिक्षाही झाली नाही. बाईंनी पदरचे १८० रुपये घातले आणि म्हणाल्या, झालं गेलं विसरा. सहल झाली. ती आली नाही. दहावीपर्यंत ती शेवटच्या बाकावर एकटी बसली.

तीन वर्षांपूर्वी आपला व्हॉट्सॲप ग्रुप झाला. जुन्या आठवणी म्हणून आपल्या मॉनिटरने त्याच्या वहीच्या एका पानाचा फोटो टाकला. सहलीची यादी. सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पाडला. मी तो फोटो मोठा करून पाहिला, सवयच आहे. बहुतेक नावांपुढे बरोबरच्या दोन खुणा होत्या. तीन नावांपुढे एकच. मी मॉनिटरला फोन केला. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, एक खूण पालकांच्या परवानगीच्या चिठ्ठीची आणि दुसरी पैशांची असणार. आणि त्या दिवशी आपण काय मोजलं होतं? खुणा असलेली नावं. खुणा मोजल्याच नव्हत्या. तीन साठे एकशे ऐंशी.

त्या तिघांपैकी एकाला विचारलं. तो म्हणाला, 'हो गं, आई म्हणाली होती पुढच्या आठवड्यात दे. मग कुणी मागितलेच नाहीत. मला वाटलं, माफ झाले.'

चोरी झालीच नव्हती. साप साप म्हणून आपण भुई धोपटत होतो, आणि ती भुई म्हणजे आपल्याच वर्गातली चौदा वर्षांची मुलगी होती. व्हिकरेजमधल्या घड्याळासारखीच ती वही. नोंद बरोबर, वाचणारे चूक.

मी तिचा नंबर शोधून फोन केला. ती त्या दिवशी रिकाम्या वर्गात का गेली होती, ते तिने मला सांगितलं. कारण अगदी साधं होतं, पण त्या वयाच्या मुलीला पर्यवेक्षक सरांसमोर उच्चारता येणारं नव्हतं. इथल्या मैत्रिणींना मी अधिक सांगायची गरज नाही. आज हे सगळं बोलायला तिची, मॉनिटरची आणि बाईंची परवानगी मी घेतली आहे. तिची अट एकच होती, नाव घ्यायचं नाही. ती आज या सभागृहात आहे की नाही, हेही मी सांगणार नाही.

मिस मार्पलच्या कथांचा एक संग्रह आहे, 'द थर्टीन प्रॉब्लेम्स', १९३२ चा. त्यात 'द फोर सस्पेक्ट्स' नावाची कथा आहे. एका खेड्यातल्या घरात डॉक्टर रोझेन नावाचा म्हातारा जिन्यावरून पडून मरतो. अपघात की खून, हे कळत नाही. घरात चार माणसं असतात: पुतणी, जुनी मोलकरीण, सेक्रेटरी आणि माळी. ही हकिकत सांगणारे सर हेन्री हे स्कॉटलंड यार्डचे निवृत्त बडे अधिकारी. त्यांना गुन्हेगार सुटला याचं तितकंसं दुःख नाही. त्यांना खंत आहे ती उरलेल्या तिघांची. चौघांत एक दोषी असेल, पण खरं बाहेर येत नाही तोवर चौघांकडेही लोक त्याच नजरेने पाहणार. एकमेकांवरचा त्यांचा विश्वासही गेला. त्या तिघांनी काही केलेलं नाही, आणि शिक्षा भोगताहेत तेच. मिस मार्पल ते कोडं आपल्या बागकामाच्या माहितीवर सोडवते. कसं, ते वाचा.

ही कथा वाचल्यावर मला सगळा प्रकारच नव्याने दिसला. मी समजत होते, की या कादंबऱ्यांचा शेवट म्हणजे गुन्हेगार सापडणं. तसं नाही. शेवट म्हणजे बाकीच्या सगळ्यांची सुटका. 'द मर्डर ॲट द व्हिकरेज'मध्ये एक आर्चर नावाचा माणूस आहे. दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणारा, कर्नलने शिक्षा केलेला, गरीब. संशयाची सुई किती सहज त्याच्याकडे वळते पाहा. आणि खुनी शेवटी आपला गुन्हा ज्याच्या गळ्यात अडकवू पाहतो, तो माणूस गावातला सगळ्यात दुबळा, मनाने खचलेला असा निवडलेला असतो. संशयालाही उताराची वाट आवडते. मिस मार्पलने खरा खुनी शोधला नसता, तर गावाचं काही बिघडलं नसतं. गावाने एक बळी घेऊन समाधान मानलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर गप्पा तशाच चालू राहिल्या असत्या.

बाईंना मी वहीच्या पानाबद्दल सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'मी पैसे भरले, मला वाटलं प्रश्न मिटला. पैशांचा मिटला, गं. मुलीचा राहूनच गेला.' बाई, तुमच्या या वाक्यासाठीच आज मी उभी राहिले. पैशांचा हिशेब लागला नाही तरी चालतं, कुणीतरी पदरचे घालतं. पण माणसावर आलेला संशय कुणाला पदरचे घालून भरता येत नाही. तो खरं काय ते सांगूनच फिटतो. आणि ज्या वर्गासमोर तो आला, त्याच वर्गासमोर सांगावं लागतं. फोनवर एकटीला सांगितलेली माफी अर्धी असते.

कादंबरीत शेवटच्या प्रकरणात सगळं उघड होतं, ही सोय असते. आपल्याकडे ते प्रकरण तीस वर्षं लिहायचं राहिलं होतं. म्हणून आज, त्या वेळी हात वर केलेली मुलगी म्हणून, मी हात वर करून सांगते: आपल्या वर्गात चोरी झाली नव्हती. मी जिचं नाव घेतलं तिने काहीही केलं नव्हतं. मी पाहिलं ते खरं होतं, आणि मी ते अशा वेळी, अशा तऱ्हेने सांगितलं की त्याचा एकच अर्थ निघावा. ती चूक माझी.

पुस्तकाची माझी प्रत मी आपल्या शाळेच्या वाचनालयाला देते आहे. इंग्रजी सोपं आहे, नववीच्या मुलांना जमेल. आत घराचे नकाशेही आहेत, पेन्सिल घेऊन बसा.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. वीस मिनिटं झाली म्हणे. हॉलचं घड्याळ आपल्या वेळी पाच मिनिटं पुढे असायचं, तेव्हा आधी ते तपासा. पण जेवण तयार आहे, त्याचा वास मलाही आला आहे. थांबते.